बिनमतांचे सव्वीस

मुलीच्या बाळंतपणासाठी डरहॅमला गेलेल्या शेजारच्या वहिनी परत आल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच कुंपणाशी उभ्या राहिल्या. विलायतेहून आलेलं माणूस आधी थंडी, मग भाजीचे भाव आणि शेवटी जावयाचं घर अशा क्रमाने बोलतं. वहिनींनी भलतंच काढलं.

“भाऊजी, तुमचा जन्म विधिमंडळात गेला. एक सांगा, मठातला स्वामी नुसता स्वामी आहे म्हणून विधान परिषदेत बसलेला कधी पाहिलाय?”

“निवडून आलेले पाहिलेत. राज्यपाल नेमतात त्या बारा जागाही आहेत, पण त्या साहित्य, शास्त्र, कला, सहकार आणि समाजसेवा यांच्या नावाने. धर्माच्या नावाची खुर्ची आपल्याकडे नाही.”

“तिथे आहे. एक-दोन नव्हे, २६!”

मी निवृत्त प्रतिवेदक. सभागृहात खाली टेबलाशी बसायचं आणि सन्माननीय सदस्य जे बोलतील ते शॉर्टहँडमध्ये उतरवायचं, हे माझं काम. निवृत्तीनंतर इतरांनी योग, बागकाम धरलं. मी ब्रिटिश संसदेतल्या भाषणांचं छापील प्रतिवेदन, हॅन्सार्ड, वाचायला लागलो. फुकट मिळतं आणि लिहिलेलंही नेटकं असतं. आमची ही त्याला व्यसन म्हणते. त्यामुळे तिथल्या वरच्या सभागृहात, हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, बसणारे चर्च ऑफ इंग्लंडचे २६ बिशप मला माहीत होते. पण वहिनींना ते कुठे भेटले, याचं कुतूहल वाटलं.

“अहो, नातू रात्री झोपायचा नाही. मग मी ते पार्लमेंटचं चॅनल लावायची. पाच मिनिटांत पोरगं गाढ. माझी मात्र झोप उडायची. मोठ्ठाल्या पांढऱ्या बाह्या, वर काळा झगा, आणि काय बोलतात तर गरिबांच्या पोरांना मिळणाऱ्या पैशांबद्दल! मी लेकीला विचारलं, हे कुणाच्या मतांवर आले? ती म्हणाली, कुणाच्याच नाही.”

खरंच कुणाच्याच नाही. कँटरबरी आणि यॉर्कचे आर्चबिशप, लंडन, डरहॅम आणि विंचेस्टरचे बिशप, या पाच जणांची जागा पदाबरोबरच येते. उरलेल्या २१ जागा सेवाज्येष्ठतेने. वर कुणी निवृत्त झालं की रांगेतला पुढचा आत. सत्तराव्या वर्षी पद सुटतं आणि पदाबरोबर खुर्चीही. २६ हा आकडा १८४७ च्या कायद्याने गोठवला. मँचेस्टरला नवीन बिशप नेमायचा होता, पण सभागृहात बिशपांची गर्दी नको होती, म्हणून ही तोड.

“आणि सगळे इंग्लंडचे,” मी म्हणालो. “आयर्लंडचं चर्च १८७१ साली सरकारपासून वेगळं झालं, वेल्सचं १९२० साली. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्ये बिशपच नाहीत. पण कायदा कार्डिफचा असो की ग्लासगोचा, मत हे २६ जण देणार.”

“म्हणजे आपल्या गल्लीतल्या पाण्याचा निर्णय पलीकडच्या वॉर्डाचे लोक घेणार.”

“तसंच समजा.”

वहिनींना जास्त रस त्यांच्या बसण्याउठण्यात होता. मलाही आहे, खोटं कशाला बोलू? सरकार कुणाचंही येवो, बिशप बसतात सरकारच्याच बाजूला. आज मजूर पक्ष, उद्या हुजूर पक्ष, यांचा बाक हलत नाही. वर याच बाजूला बसून सरकारची सालटी काढायची. पक्षादेश नाही, व्हिप नाही. त्यांच्या पुढच्या बाकाला हात आहेत, बाकीच्या बाकांना नाहीत. कुणी एक बिशप झिंगून बाकावरून घरंगळला होता, म्हणून हात बसवले, अशी दंतकथा वहिनींच्या जावयाने त्यांना ऐकवली होती. खरं-खोटं तो बाकच जाणे. सभागृहाची बैठक प्रार्थनेने सुरू होते आणि ती म्हणायला बिशपांची आठवड्याची पाळी लागते.

प्रतिवेदकाच्या नजरेला पडलेली गोष्ट निराळी. हॅन्सार्डमध्ये बोलणाऱ्या बिशपाचं स्वतःचं नाव येत नाही, पद येतं. लॉर्ड बिशप ऑफ अमुक. माणसं मरतात, निवृत्त होतात, रागावून राजीनामा देतात, आणि कागदावर दोनशे वर्षं तोच बिशप बोलत असतो. सहीसुद्धा तशीच. डरहॅमचा बिशप आडनाव टाकून ‘डनेल्म’ अशी जुनी लॅटिन खूण लिहितो.

“मग दोनशे वर्षांपूर्वी हा तुमचा बिशप काय बोलत होता?” वहिनींनी विचारलं. या प्रश्नाचीच मी वाट पाहत होतो.

१८१० साल. दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरला तर फाशी, असा इंग्लंडचा कायदा होता. सॅम्युएल रोमिली नावाचा वकील-खासदार तो बदलायला निघाला. विधेयक लॉर्ड्समध्ये गेलं आणि आपटलं. विरोधात मत देणाऱ्यांमध्ये कँटरबरीचे आर्चबिशप आणि आणखी सहा बिशप.

“पाच शिलिंगांसाठी फाशी? आणि हे रविवारी क्षमेवर प्रवचन देणार?”

“पुढचं ऐका. १८३१ साली मतदानाचा हक्क थोडा वाढवायचं विधेयक आलं. लॉर्ड्समध्ये १९९ विरुद्ध १५८ असं पडलं. विरोधात बिशप किती? २१. बाजूने दोन.”

वहिनी बँकेत कॅशियर होत्या. त्यांनी कुंपणावरच्या कढीपत्त्याची डहाळी खुडता खुडता हिशोब केला. “एकवीस इकडचे तिकडे केले तर १७८ आणि १७९. एका मताने पास झालं असतं की!”

इंग्लंडातल्या लोकांनीही हाच हिशोब केला होता. विधेयक पडलं त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रिस्टलमध्ये दंगल पेटली आणि त्यात तिथल्या बिशपांचा वाडा जळाला. सामाजिक प्रश्नांवर बिशपांनी बोलू नये असं आज जे म्हणतात, त्यांना मी हे दोन दाखले देत नाही. कारण त्या दोन्ही वेळी ते फारसे बोललेच नव्हते. त्यांनी मुकाट्याने हात वर केला होता. धोका मला बोलण्यापेक्षा त्या हातात दिसतो.

वहिनींना हे पटलं नाही. बँकेची सवय, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय खातं बंद करायचं नाही.

“पण भाऊजी, मी ऐकलं ते अगदी उलटं होतं. लेकीच्या घराजवळच्या चर्चमध्ये फूड बँक आहे. डबाबंद घेवडा, पास्ता, चहाच्या पुड्या, डायपर. न्यायला येणारे भिकारी नव्हेत हो! चांगले कपड्यातले, नोकरी करणारे. लेक स्वतः नर्स, ती म्हणाली, आमच्या इस्पितळातलेही येतात. तिथे मी पहिल्यांदा ते ऐकलं, तिसऱ्या मुलाचं.”

तिसऱ्या मुलाचं प्रकरण असं. एप्रिल २०१७ पासून ब्रिटनमध्ये नियम आला की गरीब कुटुंबाला मिळणाऱ्या मदतीतला मुलांचा भाग पहिल्या दोन मुलांपुरताच. त्या तारखेनंतर तिसरं झालं तर त्याच्या नावाने काही नाही. अपवाद होते, त्यातला एक बलात्कारातून झालेल्या मुलाचा. म्हणजे पैसे हवे असतील तर आईने तसं सरकारला कळवायचं. बिशप विधेयकाच्या वेळेपासून याच्या विरोधात होते. २०२२ साली डरहॅमचे तेव्हाचे बिशप पॉल बटलर यांनी ही मर्यादा काढून टाकणारं खाजगी विधेयकच लॉर्ड्समध्ये आणलं. त्याचा कायदा झाला नाही. २०२४ साली ते निवृत्त झाले. शेवटी मजूर पक्षाच्या अर्थमंत्री रेचेल रीव्ह्ज यांनी नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की एप्रिल २०२६ पासून ही मर्यादा रद्द.

“आपल्याकडे तिसरं झालं तर सरपंचकी जाते,” वहिनी म्हणाल्या. “सरकारी नोकरीलाही आडवं येतं. पण आपण ते पोराच्या वाटीतून कापत नाही.”

हा फरक मला सुचला नव्हता. मी तो मनात नोंदवून घेतला.

एवढ्यात आमची ही चहा घेऊन बाहेर आली आणि पायरीवर बसली. तिने विचारलं, “बिशप बोलले म्हणून सरकारने ऐकलं का?”

नाही. बिशपांच्या बाजूने बोलणारे हे सांगायचं टाळतात. ज्यांनी मर्यादा काढली त्यांच्या मागे स्वतःच्या पक्षाचे बंडखोर खासदार होते, मुलांच्या गरिबीवर काम करणाऱ्या संस्था होत्या, स्कॉटलंडचा दबाव होता. बिशप त्यातले एक. पण पहिल्या दिवसापासून, सरकार कुणाचं याकडे न पाहता, तोच मुद्दा लावून धरणारे म्हणून त्यांना श्रेय द्यायला हवं. पुढच्या निवडणुकीत कुणाला तोंड दाखवायचं नसलं की माणसाला असा एक मुद्दा वर्षानुवर्षं धरता येतो.

सगळ्यात रंगलेला सामना २०१२ चा. डेव्हिड कॅमेरून यांच्या आघाडी सरकारने ठरवलं की काम नसलेल्या कुटुंबाला मिळणाऱ्या सगळ्या भत्त्यांची बेरीज वर्षाला २६,००० पौंडांवर जाऊ द्यायची नाही. जनमत पूर्ण सरकारच्या बाजूला. काम करणाऱ्या माणसाच्या सरासरी कमाईपेक्षा बसून खाणाऱ्याला जास्त का, हा प्रश्न कुठल्याही देशात टाळ्या घेतो. रिपन आणि लीड्सचे बिशप जॉन पॅकर उठले. ते मर्यादा उडवा म्हणाले नाहीत. ते म्हणाले, प्रत्येक मुलामागे मिळणारा बालभत्ता तेवढा या बेरजेत धरू नका, तो मुलाचा आहे. २३ जानेवारीला मतदान झालं. २५२ विरुद्ध २३७. सरकार हरलं.

“पंधरा मतांनी!” वहिनी.

“आणि गंमत पुढे आहे. दोन दिवसांत माजी आर्चबिशप जॉर्ज कॅरी यांनी वर्तमानपत्रात लेख लिहिला की बिशपांचं चुकलं आणि सरकारचं बरोबर आहे.”

“घरातलंच माणूस!”

“घरातलंच. आणि कॅरी तेव्हा त्याच सभागृहात होते. निवृत्त आर्चबिशपाला बहुधा तहहयात सरदारकी मिळते. म्हणजे बिशपांचा बाक सोडायचा आणि चार पावलांवर दुसऱ्या बाकावर बसायचं. भाऊबंदकीला याहून सोयीची जागा कुठली?”

दहा दिवसांच्या आत खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, ती दुरुस्ती मोडीत काढली. वर हा पैशाचा मामला आहे, यात लॉर्ड्सने पडू नये, असा आर्थिक विशेषाधिकाराचा शिक्का मारला. बालभत्ता बेरजेतच राहिला. ब्रिटनमधलं वरचं सभागृह असंच आहे. कॉमन्सला अडवण्यापेक्षा विचारात पाडणं, उशीर लावणं, मंत्र्याला पुन्हा उभं करणं, एवढीच त्याची ताकद. बिशप तर त्यातलेही थोडे. बहुतेक वेळा निम्मेसुद्धा हजर नसतात, कारण प्रत्येकाला आपला धर्मप्रांत सांभाळायचा असतो. त्यांच्या मतांनी निकाल फिरला असं क्वचित घडतं.

“आणि सावकारीचं?” वहिनींनी आठवण करून दिली. डरहॅममध्ये ती गोष्ट अजून सांगितली जाते म्हणे.

जस्टिन वेल्बी कँटरबरीला जाण्यापूर्वी डरहॅमचे बिशप होते, त्याच्या आधी तेलकंपन्यांमध्ये पैशाचे व्यवहार पाहत. म्हणजे हिशोब कळणारा धर्मगुरू. पगार होईपर्यंतच्या चार दिवसांसाठी पठाणी व्याजाने कर्ज देणाऱ्या कंपन्यांवर लगाम घाला, असं ते २०१२ साली लॉर्ड्समध्ये बोलले. २०१३ साली आर्चबिशप झाल्यावर त्यांनी वोंगा या अशा सगळ्यात मोठ्या कंपनीला सांगितलं की आम्ही पतपेढ्या वाढवू आणि स्पर्धेतच तुम्हाला संपवू. सगळीकडे वाहवा. आणि लगेच दुसऱ्या दिवशी बातमी आली की चर्चच्याच गुंतवणुकीतले सुमारे ७५,००० पौंड फिरून फिरून वोंगात गेलेले आहेत!

वहिनी इतक्या हसल्या की त्यांच्या हातातली डहाळी आमच्या बाजूला पडली. “कॅशियरने नेहमी पासबुक आधी बघावं हो.”

वेल्बींनी लाज वाटते असं सरळ कबूल केलं, हे त्यांच्या खात्यात जमा. २०१५ पासून अशा कर्जावर दिवसाला ०.८ टक्के आणि एकूण परतफेड मुद्दलाच्या दुपटीवर जाऊ नये, अशी सरकारी नियंत्रकाची मर्यादा लागली. २०१८ साली वोंगा बुडाली. तिला बुडवलं ते चर्चच्या पतपेढ्यांनी नव्हे, या नियमांनी आणि ग्राहकांच्या भरपाईच्या दाव्यांनी.

इथे आमच्या हिने तोंड उघडलं. ती मराठीची शिक्षिका होती, तिला तारखा पाठ असतात. “बिशपांचं एवढं कौतुक चाललंय, तर पंडिता रमाबाईंचंही सांगा की. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्याच अँग्लिकन चर्चमध्ये. पुढे चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी शिकवावं अशी कल्पना निघाली. मोडता कुणी घातला? मुंबईच्या बिशपांनी आणि लाहोरच्या बिशपांनी. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल म्हणे. पुण्या-मुंबईत भर सभेत पुरुषांपुढे बोलून आलेली बाई ती!”

मुंबईच्या बिशपाला लॉर्ड्समध्ये खुर्ची नव्हती, हे मी सांगू पाहिलं. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

बायकांना त्या बाकावर जागा मिळायला २०१५ उजाडलं. तेव्हा खास कायदा करून ठरवलं की पुढची दहा वर्षं ज्येष्ठतेच्या रांगेत कुणीही असो, जागा रिकामी झाली आणि पात्र स्त्री बिशप असेल तर आधी ती. ग्लॉस्टरच्या रेचेल ट्रीविक पहिल्या. त्यांच्या सरकारी आज्ञापत्रात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला मजकूर तसाच, ‘परमपूज्य फादर’ वगैरे. त्यांनी तो दुरुस्त करून घेतला आणि मगच सभागृहात पाऊल टाकलं.

“शाब्बास!” आमची ही म्हणाली. एवढ्या गप्पांत तिने कुणाला दिलेली ही एकमेव शाबासकी.

वहिनींनी मग आपल्या आवडत्या बिशपबाई काढल्या, चेम्सफर्डच्या गुली फ्रान्सिस-देहकानी. इराणच्या इस्फहानमध्ये जन्म. वडील तिथल्या अँग्लिकन चर्चचे बिशप. क्रांतीनंतर १९८० साली गुलींच्या भावाचा खून झाला, कुटुंब इंग्लंडला आलं, आणि ती मुलगी २०२१ पासून लॉर्ड्समध्ये बसते. घरं आणि निर्वासित या विषयांवर त्या बोलतात तेव्हा सभागृहाला कान द्यावाच लागतो. टीकाकारांचं एक ठरलेलं वाक्य आहे की धर्मगुरूंना कायदेमंडळात हक्काची जागा देणारे देश दोनच, ब्रिटन आणि इराण. ते या बाईंच्या समोर म्हणताना त्यांना कसं वाटत असेल, कुणास ठाऊक. मात्र टीका म्हणून तिच्यात तथ्य आहे, हेही मी वहिनींना सांगितलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०२१ च्या जनगणनेत ४६.२ टक्के निघाले, पहिल्यांदाच निम्म्याखाली. धर्म नाही असं लिहिणारे ३७.२ टक्के. त्या ख्रिस्त्यांतही कॅथलिक आले, मेथडिस्ट आले. त्यांना हक्काचा बाक नाही. मशिदीला नाही, गुरुद्वाऱ्याला नाही, देवळाला नाही.

निर्वासितांवरून आठवलं. २०२२ साली सरकारने ठरवलं की होडीने चोरून आलेल्यांना रवांडाला पाठवायचं. पहिलं विमान सुटायच्या बेतात असताना सभागृहात असलेल्या पंचवीसच्या पंचवीस बिशपांनी ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं की हे धोरण देशाला लाज आणणारं आहे. पंचवीस अँग्लिकन बिशप एका कागदावर सही करतात ही घटना स्वतःच दुर्मीळ. एरवी त्यांचं प्रार्थनेच्या पुस्तकावरही एकमत होत नाही. ते विमान मात्र युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाच्या आदेशाने अडलं, पत्राने नव्हे.

“म्हणजे बिशप नेहमी गरिबाच्या, परक्याच्या बाजूला. मग तुमची तक्रार काय?” वहिनी.

माझी तक्रार अशी की शयनगृहाचा प्रश्न आला की हा बाक बिचकतो. १९६५ साली आर्चबिशप मायकेल रॅम्सी यांनी समलैंगिक पुरुषांना तुरुंगात टाकणारा कायदा काढायला लॉर्ड्समध्ये पाठिंबा दिला. ते कृत्य पाप आहे असं त्यांचं मत कायम होतं. तरी पाप वेगळं आणि गुन्हा वेगळा, एवढं त्यांना कळत होतं. त्याबद्दल त्यांनी पुष्कळ शिव्या खाल्ल्या. माझ्या मते त्या बाकावरून गेल्या शंभर वर्षांत झालेलं ते सगळ्यात धाडसाचं काम. आणि २०१३ साली समलैंगिक विवाहाचं विधेयक आलं तेव्हा? वेल्बी विरोधात बोलले. विरोधकांना १४८ मतं पडली, समोर ३९०. विधेयकात तर चर्च ऑफ इंग्लंडने असे विवाह लावायचे नाहीत, अशी तरतूदच होती. म्हणजे स्वतःच्या दाराला कुलूप लावून घेतल्यावरही दुसऱ्याच्या लग्नात अक्षता अडवायच्या.

“आणि इच्छामरण?” आमच्या हिने विचारलं. हा विषय आमच्या घरात जपून निघतो.

तिथे मला ठाम बोलता येत नाही. मरणाच्या दारातल्या प्रौढ रुग्णाला स्वेच्छेने मरण जवळ करता यावं, असं विधेयक जून २०२५ मध्ये कॉमन्सने ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं आणि सप्टेंबरात ते लॉर्ड्समध्ये चर्चेला आलं. लंडनच्या बिशप सारा मुलाली विरोधात बोलल्या. या बाई पूर्वीच्या नर्स, १९९९ साली इंग्लंडच्या मुख्य परिचर्या अधिकारी झालेल्या. कर्करोगाच्या वॉर्डात काम केलेल्या. त्यांचं म्हणणं, दुबळ्या माणसावर ‘घरच्यांना त्रास नको’ असं दडपण येईल आणि ते कुणाला दिसणारही नाही. यात देव कुठे आला? हे वॉर्डातलं बोलणं आहे. आणि समोरच्या बाजूला पुन्हा आपले कॅरी! २०१४ सालापासून ते इच्छामरणाच्या बाजूने आहेत. पुढे ऑक्टोबरात मुलालींचं नाव कँटरबरीसाठी जाहीर झालं, त्या गादीवर बसणाऱ्या पहिल्या स्त्री.

“आमची लेक म्हणते, नर्स आर्चबिशप झाली म्हणजे निदान रजेचा अर्ज तरी वाचेल,” वहिनी म्हणाल्या.

मुलालींची पाळी आली ती वेल्बी गेले म्हणून, आणि ते कसे गेले हे सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. जॉन स्माइथ नावाच्या माणसाने ख्रिस्ती शिबिरांतल्या शंभरावर मुलांचा वर्षानुवर्षं छळ केला. चर्चला कळूनही पुरेसं काही झालं नाही, असा अहवाल नोव्हेंबर २०२४ मध्ये आला आणि वेल्बींनी राजीनामा दिला. ५ डिसेंबरला ते लॉर्ड्समध्ये निरोपाचं बोलले. विषय घरांचा आणि बेघरांचा, चर्चा त्यांनीच मागितलेली. आणि हा गृहस्थ विनोद करायला लागला! १३८१ च्या शेतकरी उठावात शिरच्छेद झालेल्या आर्चबिशपाचं डोकं काय, आपल्या भेटीगाठींचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या सहायकाची कीव करा काय. सभागृहात काही जण हसले. छळ झालेल्या माणसांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी वेल्बींना माफी मागावी लागली.

हे मी सांगत असताना वहिनींचा चेहरा उतरला. त्या म्हणाल्या, “व्याजाबद्दल तोच माणूस इतका चांगला बोलला होता.”

“तोच.”

“मग मी सांगू? बोलू दे त्यांना. मत काढून घ्या.”

प्रतिवेदकाला याचं उत्तर येतं. आपल्या घटनेत तशी सोय आहेच. अनुच्छेद १७७ प्रमाणे राज्याचा महाधिवक्ता दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही. लंडनमध्येही बाकीचे हळूहळू बाहेर पडलेच. बहुतेक वंशपरंपरागत सरदार १९९९ साली गेले, न्यायाधीश २००९ साली वेगळ्या सर्वोच्च न्यायालयात गेले. बिशप तेवढे राहिले. १८१० आणि १८३१ चा तो वर केलेला हात काढून घेतला आणि २०१२ ची जीभ ठेवली, तर मला चालेल.

“पण २०१२ ला जीभ नव्हती, दुरुस्ती होती,” आमची ही म्हणाली. “ती मांडायला सदस्य नको का? नुसतं बोलले असते तर मंत्र्याने मान डोलावली असती आणि पुढचा विषय घेतला असता. हरला म्हणून त्याला परत उभं राहून सांगावं लागलं की आम्ही मुलाचे पैसे का धरतो.”

हे खरं होतं. कॉमन्सने दुरुस्ती मोडली तरी मोडण्याची कारणं सरकारला बोलून दाखवावी लागली. ती छापलेली आहेत, मी वाचली आहेत, आणि ती वाचून कुणाचंही समाधान होणार नाही.

“बरं, मत राहू दे,” वहिनींनी माघार घेतली, पण कॅशियरसारखी. “पण २६ कशाला?”

“२००० साली वेकहॅम आयोगाने १६ म्हटलं होतं. २०१२ च्या सुधारणा विधेयकात १२ होते, ते विधेयकच बारगळलं.”

“बारा ठीक. त्यातल्या सहा बायका.”

“बायकांना आधी जागा देणारा तो कायदा आता २०३० पर्यंतच वाढवलाय.”

“मग २०३० च्या आत करा म्हणावं,” वहिनी म्हणाल्या. “आणि त्या डरहॅमवाल्याची जागा काढायची नाही. लेक तिथे राहते.”